अस्र ते मगरीब

इस्माईल सर उभे राहायचे. सगळ्यात आधी हेच सांगते, कारण आमच्या टायपिंग क्लासमधून शिकून गेलेल्या कुणालाही विचारलंत तरी तो पहिल्यांदा हेच सांगणार.

म्हणजे असं, की समजा तुमची बॅच तीनची आहे आणि तुम्ही तीनला पोचला नाहीत. तर सर काय करायचे, तुमच्या मशीनवरचं रेक्झिनचं कव्हर काढायचे, घडी घालून बाजूला ठेवायचे, खुर्ची नीट सरकवायचे आणि त्या खुर्चीशेजारी उभे राहायचे. हात मागे बांधून. बाकीची पोरं खडखड टाइप करतायत, खाली सायकलवाल्याच्या दुकानात कुणीतरी चाक ठोकतंय, आणि सर आपले उभे. तुम्ही धापा टाकत जिना चढून आलात की "या, बसा," एवढंच म्हणायचे आणि मग स्वतःच्या खुर्चीत जाऊन बसायचे. रागावणं नाही, टोमणा नाही, काही नाही. त्यापेक्षा दोन शब्द बोलले असते तर बरं, असं व्हायचं.

मला राहवलं नाही. महिनाभरातच मी विचारलं, सर, तुम्ही उभे का राहता? ते म्हणाले, "तास सुरू झालेला असतो ना बेटा. मालक आलेला नाही. मग कुणीतरी त्याच्याजवळ थांबायला नको? एकटा कसा सोडायचा?"

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. आई म्हणाली, तुझे सर म्हणजे अवघडच प्रकरण दिसतंय. पण दुसऱ्या दिवसापासून तिनंच मला दहा मिनिटं आधी घराबाहेर काढायला सुरुवात केली.

क्लास नगरला झेंडीगेटजवळ होता. अजून आहे. माडीवर एक लांबट खोली, भिंतीला लागून मशीन्स, काही इंग्रजी, काही मराठी. घड्याळ सगळ्या क्लासकडे पाठ करून सरांच्या टेबलाकडे तोंड करून लावलेलं. खांबाच्या त्या बाजूला. पोरं टाइप करताना सारखी मान वर करून बघतात म्हणून. "तुम्ही कागदाकडे बघा, घड्याळाकडे बघायला मी आहे," म्हणायचे. सर उंच, काटकुळे, पांढरा शर्ट नि पायजमा, डोक्याला काळी टोपी, आणि बोटांच्या पेरांवर रिबनची शाई कायमची मुरलेली. पहाटेची नमाज झाली की सर क्लासमध्ये. एकेका मशीनची अक्षरं रॉकेलच्या ब्रशनं घासून लख्ख करायची. मी एकदा चुकून खूप लवकर गेले होते तेव्हा पाहिलंय. एखाद्या लहान पोराचे दात घासावेत तसं चाललं होतं.

आता कुणाला वाटेल, हा माणूस म्हणजे सतत कामाला जुंपलेला, दुसऱ्यालाही जुंपणारा. अजिबात नाही! उलट दुपारी जोहरची नमाज झाली की सर तीन खुर्च्या जोडून, टोपी डोळ्यांवर घेऊन चक्क झोपायचे. थोडाच वेळ, पण एकदम मन लावून. आमच्यातला बाळू एकदा म्हणाला, सर, तुम्ही वेळेचं एवढं सांगता आणि स्वतः झोपता. सर टोपीखालूनच म्हणाले, "ही पण सुन्नत आहे, पैगंबरसाहेबांची रीत. ह्याला कैलुला म्हणतात. दुपारी पडलं तर पहाटे उठवतं. तू दुपारी जागा असतोस, काय करतोस ते तरी सांग."

बाळू दुपारी चौकात पानाच्या टपरीवर उभा असायचा.

सरांचं सगळं म्हणणं एका गोष्टीवर होतं. वेळ खर्च होऊ दे, पण सांडायला नको. झोपलात, हसलात, पोराशी खेळलात, पाहुण्यांशी गप्पा मारल्यात, सगळं खर्चात धरायचे ते. चांगल्या खर्चात. पण काहीच न करता, कुणाचंच न होता गेला तो सांडला. आणि दुसऱ्याला ताटकळत ठेवलंत तर तुम्ही त्याचा सांडलात, ते अजून वाईट. कारण आपलं सांडलेलं आपण तरी भरून काढू, त्याचं कुठून आणून देणार?

ते सांगायचे, आमच्या पैगंबरसाहेबांनी सांगून ठेवलंय, दोन चीजा अशा आहेत की माणूस त्यात हमखास फसतो. तब्येत आणि मोकळा वेळ. असतात तोवर कळत नाहीत. आणि मरणानंतर प्रत्येकाला विचारणार, की उमर कशात घालवलीस. जवानी कशात घालवलीस. तिथून पाय हलवता येणार नाही उत्तर दिल्याशिवाय. हे सांगताना सर आवाज बिलकूल चढवायचे नाहीत, बँकेत फॉर्मवर सही लागेल म्हणून सांगावं तसं सांगायचे. एकदा असंच सांगून झाल्यावर त्यांनी बाळूला विचारलं, तू काय सांगशील बाबा? बाळू म्हणाला, "मी सांगीन टायपिंगला होतो. खोटं वाटत असेल तर इस्माईल सरांना बोलवा, तेच उभे होते माझ्या मशीनपाशी."

क्लास फुटला हसून. सगळ्यात जास्त सर हसले. टोपी काढून डोळे पुसले त्यांनी.

अजून एक सांगते आणि मग मुद्द्यावर येते. एका सरकारी कचेरीतून निरोप आला, साहेबांचं काहीतरी तातडीचं टाइप करायचंय, इस्माईल मास्तरांना पाठवा. सर गेले. साहेब मीटिंगमध्ये. सरांना बाहेर बाकावर बसवलं आणि सगळे विसरले. दुसरा कुणी असता तर चिडला असता, नाहीतर पेंगला असता. सरांच्या पिशवीत ब्रश असायचाच. त्यांनी तिथल्या कारकुनाचं मशीन मागून घेतलं, उघडलं, साफ केलं, अडकणारी दोन अक्षरं सरळ केली. ते झाल्यावर दुसऱ्याचं घेतलं. साहेब बाहेर आले तेव्हा अर्धं ऑफिस सरांभोवती गोळा झालेलं, आणि कारकून आपापली मशीन्स पुढे करतायत. साहेब म्हणाले, सॉरी मास्तर, तुमचा वेळ गेला. सर म्हणाले, नाही साहेब, माझा नाही गेला. आता यातला चिमटा साहेबांना कळला की नाही ते माहीत नाही. सरांना तरी तो चिमटा होता हे कळलं होतं की नाही, तेही माहीत नाही. ते आपलं खरं तेच बोलायचे.

तर मुद्दा.

क्लासला रोज एक भगदाड असायचं. दुपार कलली की अस्रची नमाज, आणि दिवस मावळताना मगरीबची. ह्या दोन नमाजांच्या मध्ये क्लास बंद. सगळ्या मशीन्सवर कव्हरं, दाराला कुलूप. आणि ही तर खरी गर्दीची वेळ! कॉलेजं सुटलेली, ऑफिसं सुटायला आलेली. किती जण विचारून जायचे, सर, साडेपाचची बॅच काढा ना. खालचा सायकलवालासुद्धा म्हणायचा, मास्तर, दोन मशीनं अजून बसतील एवढी कमाई सोडताय. सर म्हणायचे, "तो वेळ माझा नाही. अम्मांचा आहे. माझ्याकडे नुसता अमानत ठेवलेला."

अम्मा म्हणजे सरांची आई. मूळच्या सोनईकडच्या. मन्यार. तरुणपणीच नवरा गेला, मग बांगड्यांची पाटी घेऊन गावोगावचे बाजार करायच्या. पहाटे निघायच्या, दिवस बुडता बुडता परत यायच्या. आणि लहानपणी सर काय करायचे, अस्रची अजान झाली की उंबऱ्यावर येऊन बसायचे. आई दिसेपर्यंत. शेजारीण हाका मारायची जेवायला, पण उठायचे नाहीत. आता अम्मा म्हाताऱ्या झाल्या, घरात बसून असतात. सर म्हणायचे, आता त्या उंबऱ्याकडे बघत बसतात. म्हणून रोज अस्र झाली की सर थेट घरी. अम्मांच्या खाटेशेजारी. बोलायचं असेल तर बोलायचं, नाहीतर नुसतं बसायचं. अम्मांच्या अडकित्त्यानं सुपारी कातरून द्यायची. मगरीबची अजान होईपर्यंत. त्यात ईद नाही, पाऊस नाही, पाहुणा नाही.

त्यांनी मला एकदा सांगितलं, आमच्यात खुद्द अल्लानं काळाची शपथ घेतलीय. अस्रची. अस्र म्हणजे काळसुद्धा. आणि शपथ कुणी ऐऱ्यागैऱ्या चीजेची घेतं का?

हे सगळं छान चाललं होतं, आणि मग सिंधू आली.

सिंधू पाथर्डीकडची. दुष्काळाचं ते पहिलंच वर्ष, तिकडं विहिरींत बघायला पाणी नव्हतं. घरचे सगळे दरसाल ऊसतोडीला जाणारे. ही शाळा शिकलेली एकटीच. माळीवाड्यात तिच्या मावशीची खानावळ होती, तिथं कामाला राहिली आणि मराठी टायपिंगचा क्लास लावला. तिनं बापाशी ठरवून घेतलं होतं, की दिवाळीनंतर मिनिटाला तीस शब्दांच्या स्पीडची परीक्षा आहे, तोवर मुदत द्या, पास झाले तर नोकरी बघेन. नाही जमलं तर कोयता. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, टोळीत माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. एक तोडणार, एक मोळ्या बांधणार, तो एक कोयता. सिंधूच्या भावाला जोडीदार नव्हता. तोच तिला व्हायचं होतं.

आणि बोटं काय सांगू तिची! भाकरी थापणारा हात होता, पण मशीनवर ठेवला की हलका व्हायचा. माझ्यामागून येऊन माझ्यापुढे निघून गेली ती. मला राग यायला हवा होता, पण तिच्यावर येतच नव्हता.

अडचण एकच. ती रोज उशिरा यायची. तीनची बॅच, आणि ही येणार साडेतीनला, कधी त्याच्याही नंतर. आली की जेमतेम एक उतारा होतो न होतो तोच पुढच्या बॅचचा पोरगा मागं येऊन उभा. आणि सर? सर रोज तिच्या मशीनपाशी उभे. रोज. ती जिन्यावरून येताना आधी सरांचे हात मागे बांधलेले बघायची, तिची मान खाली जायची, आणि मग "या, बसा."

एक दिवस ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो सबंध आठवडा नाही. सर तीनपासून चारपर्यंत तिच्या मशीनपाशी उभे. शेवटी त्यांनी मला विचारलं, तिची खानावळ तुला माहीत आहे का. मला माहीत होती. आम्ही दोघं गेलो.

मागच्या दारी, उघड्या मोरीत, ती बसली होती. तिच्यापुढे पातेल्यांचा डोंगर. दुपारची पंगतच अडीचला उठायची, आणि एवढं घासल्याशिवाय सुटका नव्हती. पाणीही मोजकंच, म्हणून राखेनं घासायचं नि वरचेवर पुसायचं. सरांना बघून ती उठली. हात राखेनं भरलेले.

सरांनी विचारलं, क्लास का सोडला?

तिनं हातांची राख पदराला पुसली. मग म्हणाली, "तुम्ही माझ्यापायी रोज उभं राहता. मला ते सोसत न्हाई सर. तुमचा येळ जातो माझ्यापायी."

 कापडबाजारातून परत येताना ओळखीचे लोक सरांना सलाम करत होते, ते त्यांना दिसत नव्हते. क्लासच्या जिन्यापाशी थांबले आणि म्हणाले, "मी तिचा तास सांभाळत होतो. आणि तिलाच हाकलून दिलं."

त्या दिवसापासून सर कधी उशिरा येणाऱ्याच्या मशीनपाशी उभे राहिले नाहीत. कव्हर काढून ठेवायचे आणि दाराकडे पाठ करून बसायचे, म्हणजे येणाऱ्याला त्यांचं तोंड दिसायला नको. पण त्यानं सिंधूचा प्रश्न सुटत नव्हता. तिला दिवसात एकच वेळ मोकळा मिळायचा. दुपारची भांडी उरकल्यावर आणि संध्याकाळचा स्वयंपाक चढवायच्या आधी. म्हणजे बरोबर अस्र ते मगरीब.

मी लगेच म्हणाले, सर, मग तोच द्या ना तिला! मला काय, तोंडाला येईल ते बोलून मोकळी. सर म्हणाले, माझा असता तर दिला असता. मी म्हटलं, मग अम्मांना विचारा. म्हणाले, त्या नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच विचारायचं नाही. आई नाही म्हणणार नाही हे माहीत असताना विचारणं म्हणजे काढूनच घेणं.

आता ह्याला काय म्हणावं! दोन दिवस असेच गेले. सर कुलूप लावून घरी, सिंधू मोरीपाशी, परीक्षा जवळ येतेय. अम्मांपर्यंत ही गोष्ट कुणी पोचवली ते मी सांगणार नाही, एवढंच सांगते की मला बांगड्या भरायच्या होत्या म्हणून मी त्यांच्या घरी गेले होते आणि बोलता बोलता विषय निघाला.

तिसऱ्या दिवशी अस्र झाली, सर कुलूप लावत होते, आणि जिन्यावर काठी वाजली. अम्मा. एका हातात पानाचा डबा, दुसऱ्या हातानं कठडा धरलेला. सर धावत खाली गेले तर अम्मांनी त्यांना बाजूला सारलं.

"माझा येळ हाय म्हनतोस नव्हं?"

"जी अम्मा."

"मंग त्यो कुटं बसून घालवायचा ते मी ठरवीन. तू मला इचारायचा बी न्हाईस आन माझ्या नावानं कुलपं लावायचास, ही कंची रीत? काड कुलूप. आन त्या पोरीला बलीव."

सरांनी कुलूप काढलं. मी माळीवाड्याकडे पळाले.

मग दिवाळीपर्यंत रोज असंच. अस्र झाली की सर अम्मांना हात धरून आणायचे, त्यांच्यासाठी वेताची खुर्ची, शेजारी सर. समोर सिंधू, आणि तिच्या बाजूला मी, कारण एवढा चांगला जादा तास मिळत असताना मी कशाला सोडते! अम्मा बघत असायच्या. वाचता येत नव्हतं त्यांना, पण आवाजावरून कळायचं. सिंधूची गाडी सुरळीत चालली की मान डोलवायच्या, अडखळली की म्हणायच्या, "आता गं? खड्डा आला व्हय?" मला तर त्या टांगाच म्हणायच्या. "हिचा टांगा लई पळतो, पर सारी सामानं रस्त्यात पडत्यात." माझ्या चुका कमी झाल्या त्या अम्मांच्या ह्या एका वाक्यानं, सरांच्या शिकवण्यानं नाही.

त्या वर्षी दिवाळी आणि रमजान एकमेकांत आले होते. रोज्यात अम्मांनी येऊ नये असं सरांना वाटत होतं, जिना चढायचा, पोटात काही नाही, पाण्याचा थेंब नाही. अम्मांनी ऐकलं नाही. घरात बसलं की रोजा लांब वाटतो, हितं लवकर जातो, म्हणायच्या. मगरीबची अजान झाली की सर खजूर पुढे करायचे, सगळ्यांना एकेक. आम्हालाही.

आणि असंच एका दिवशी, दिवाळी अगदी तोंडावर आलेली, जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात सिंधूचा बाप उभा राहिला. मुंडासं, खांद्यावर गाठोडं. एस्टी स्टँडपासून चालत आलेला, ओठ सुकलेले. सिंधूचे हात मशीनवरच थांबले.

त्यानं सरांना रामराम केला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. दिवाळी झाली की लगेच ट्रक निघतोय. पोराला जोडीला कुणी नाही. पोरीला न्यायला आलोय. परीक्षा नंतर आहे हे त्याला ठाऊक होतं, पण ट्रक थांबणार नव्हता. मग सरांकडे बघून म्हणाला, "मास्तर, तुमी एकच सांगा. पास व्हईल का ती? तुमी व्हईल म्हना, मी माघारी जातो."

मी मनात म्हटलं, सर, म्हणा. म्हणा ना! एवढा एक शब्द. सिंधूही त्यांच्याकडेच बघत होती.

सर म्हणाले, "ते माझ्या हातात नाही. होईल म्हणालो तर खोटं होईल. मेहनत बघायची असेल तर बसा. दाखवू शकतो."

आणि आपली खुर्ची त्यांनी त्याच्याकडे सरकवली. स्वतः भिंतीशी जाऊन थांबले. तो बसला, म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकला. सर सिंधूला म्हणाले, चालू दे.

पहिल्या ओळीत तिच्या किती चुका झाल्या असतील! मी कान देऊन होते, अक्षरं अडकत होती, ती सोडवून परत. मग हळूहळू गाडी रुळाला लागली. मान ताठ, नजर उताऱ्यावर, बोटं आपली आपण चाललीयत. मी माझं टाइप करणं थांबवलं. खोलीत फक्त तिचं एक मशीन.

तिच्या बापाला कुणी पाणी दिलं नव्हतं हे माझ्या लक्षात आलं. मी माठातलं पाणी तांब्यात काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं तांब्या तोंडाशी नेला आणि थांबला. अम्मांच्या पुढ्यात झाकून ठेवलेला पेला आणि खजूर त्याला दिसले.

अम्मा म्हणाल्या, "तुमी प्या. तुमाला काय रोजा हाय का?"

तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. घटकाभरानं काय हुतंय."

तांब्या मांडीवर धरून बसून राहिला तो. मशीन चाललेलं. अम्मा हळू आवाजात त्याच्याशी बोलत होत्या, पण त्याच्याकडे न बघता, पानाच्या डब्याशी बोलल्यासारखं. "ह्यो माझा पोरगा. मी बांगड्या इकायला जायाची तवा ह्यो उंबऱ्यावर बसून ऱ्हायाचा. मला कदी येळच घावला न्हाई त्याच्याकडं बगायला. कवा वाढला, कवा शिकला, ठावं न्हाई. आता बगती रोज." मग जराशानं, "तुमी कदी बगितली व्हय पोरगी, अशी बसून?"

 मघाशी खुर्चीच्या कडेवर टेकलेला माणूस आता मागे टेकून बसला होता.

उतारा संपला. सिंधूनं कागद काढला नाही, नवीन उतारा घेतला. तो संपला, पुन्हा नवीन. मागं वळून बघायचं धाडस तिला होत नव्हतं, मला कळत होतं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चढत गेलं. खालच्या सायकलवाल्यानं दुकान आवरायला घेतलं. आणि मग अजान झाली.

अम्मांनी खजूर तोंडात घातला, पेला उचलला. सरांनीही. आणि तेव्हा त्यानं तांब्या तोंडाला लावला. गटागटा, मान वर करून. मी असं पाणी पिताना कुणाला पाहिलं नाही.

तांब्या खाली ठेवून, मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसून तो उठला. गाठोडं खांद्यावर घेतलं. सिंधू उभी राहिली, तिला वाटलं निघायचं.

"बस," तो म्हणाला. "पोराच्या जोडीला मी ऱ्हातो. तुजी आई दोघांच्या बी मोळ्या बांधील, जमंल तसं. परीक्षा झाली की खुशाली कळीव."

आणि सरांना नमस्कार करून जिना उतरून गेला. सर नमाजला उभे राहायच्या आधी क्षणभर खिडकीशी गेले, खाली रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हे पाणी ज्यानं थांबवून धरलं, त्याचा तास नाही सांडला."

सिंधू पास झाली. मी पण झाले, पण माझं काय, मी नगरचीच. ती आता एका साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. गेल्या हंगामात तिचे आईबाप त्याच कारखान्याच्या ऊसतोडीला होते. दुपारी ते ऑफिसच्या ओट्यावर येऊन बसायचे म्हणे, आतला मशीनचा आवाज ऐकत. तिनंच सांगितलं, सांगताना तिला हसू येत होतं.

मी नगरजवळच, नागापूरला एका नव्या कारखान्यात लागलेय. सायकलनं जाते. सुटी लवकर झाली तर कधीमधी झेंडीगेटवरून येते. परवा तशीच आले, तर अस्रची वेळ होऊन गेलेली, क्लासचं दार लोटलेलं, आणि आतून एका मशीनचा आवाज. पण कसला आवाज! एक ठोका. मग शांतता. मला वाटलं बंदच पडलं. मग अजून एक ठोका.

मी दार ढकललं. अम्मा मशीनवर बसल्या होत्या. डोळ्यांना जाड चष्मा, उजव्या हाताचं एक बोट हवेत, कोणती कळ, कोणती कळ म्हणून फिरतंय. शेजारी पानाचा डबा. आणि खुर्चीशेजारी सर, हात मागे बांधून. उभे. सिंधूनंतर मी त्यांना असं उभं राहिलेलं पहिल्यांदाच बघत होते.

मी काहीतरी मोठ्यानं बोलणारच होते, सरांनी नुसती मान हलवली. मग मीही दारातच थांबले. अम्मांनी न बघताच ओळखलं.

"टांगा आला वाटतं. थांब गं जरा. हितं मोठं वळान हाय."

सिंधू त्यांना जाता जाता अक्षरं शिकवून गेली होती, ते मला नंतर कळलं. त्या बोटानं शेवटी कळ शोधली, दाबली, टक्. अम्मांनी मान वर करून कागद बघितला, समाधानानं. आणि बाहेर अजान सुरू झाली.

सरांनी अम्मांना हात देऊन उठवलं. मी वाकून बघितलं. कागदावर मध्यभागी, थोडं वर खाली झालेलं, 'इस्मा' एवढंच आलं होतं.

कागद काढू का, मी विचारलं.

"नको," सर म्हणाले. "राहू दे तसाच. ईल उद्या."

आणि कागद आतच ठेवून त्यांनी मशीनवर कव्हर घातलं.